नोंद वाचून ग्लास ओळखता यावा

४ जानेवारी

आजपासून नवी वही. काल रात्री जुनी वही पहिल्यापासून वाचून काढली. आपापल्या भागापुरती बिअर बनवणाऱ्या छोट्या ब्रुअऱ्यांच्या साठेक क्राफ्ट बिअर गेल्या दोन वर्षांत चाखल्या, त्याच्या नोंदी आहेत. बहुतेक पानांवर ‘हलकी, छान, संतुलित’ नाहीतर ‘हॉप्स जोरदार, आवडली’ (हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं). वरचं नाव हाताने झाकून नोंद वाचली, तर ती कुठल्या बिअरची हे एकाही पानावर सांगता येईना. बनवणाऱ्याने माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, निवडण्यापासून बाटली भरण्यापर्यंत महिना-दीड महिना जीव ओतलेला असतो. त्याला ‘छान’ एवढंच उत्तर देणं मला पटत नाही.

म्हणून यंदाची कसोटी वेगळी ठेवली आहे. माझी नोंद वाचून दुसऱ्या माणसाला समोरच्या चार-पाच ग्लासांतला नेमका तोच ग्लास उचलता आला पाहिजे. ११ ब्रुअऱ्या, २४ बिअर, मार्चच्या मध्यापर्यंत. दर रविवारी जास्तीत जास्त चार, प्रत्येकी ७५ मिलि. ताई पीत नाही, म्हणून ओतायचं काम तिच्याकडे: आतल्या खोलीत ओतायचं, ग्लासाच्या बुडाला क्रमांक चिकटवायचा, यादी स्वतःजवळ ठेवायची. नोंदी वाचून ग्लास ओळखायचं काम भाऊजींचं.

ब्रुअऱ्यांची नावं इथे लिहिणार नाही. एका बाटलीतला दोष ब्रुअरीचा असतो, गोदामाचा असतो किंवा वाटेतल्या उन्हाचाही असतो. एका बाटलीवरून कुणाच्या नावापुढे शेरा मारायचा नाही.

७ जानेवारी

ग्लास. सहाही एकसारखे, वर थोडे निमुळते. साबणाचा किंचितही ओशटपणा राहिला की फेस बसतो, म्हणून धुऊन झाल्यावर आतून पाण्याने ओले करून पाहिले. पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर ग्लास स्वच्छ, थेंब अडकले तर पुन्हा धुवायचा. दोन ग्लास तीनदा धुवावे लागले. फडक्याने पुसायचे नाहीत, उपडे ठेवून वाळवायचे.

११ जानेवारी

पहिली बैठक, तीन पिल्सनर.

पिल्सनरपासून सुरुवात मुद्दाम केली, कारण या बिअरमध्ये लपायला जागा नसते. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी बोहेमियातल्या प्लझेन गावात योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने फिक्या माल्टचा, साझ हॉप्सचा आणि तिथल्या अतिशय मृदू पाण्याचा पहिला घाणा लावला. त्या काळी बहुतेक बिअर गडद आणि गढूळ असायच्या. ही सोनेरी आणि निवळ निघाली. आज जगात सगळ्यात जास्त खपणाऱ्या लेगर, म्हणजे थंडाव्यात मुरवलेल्या बिअर, तिच्याच वंशातल्या. चार चांगले पदार्थ आणि थंडाव्यात घालवलेला वेळ, एवढ्यावरच ती उभी असते. कुठे घाई झाली की लगेच दिसतं.

क्र. २ मध्ये दिसलं. पहिल्याच हुंग्यात उकडलेल्या मक्याचा वास. हे डायमिथाइल सल्फाइड. फिक्या माल्टमध्ये त्याचा पूर्वज असतो, उकळताना त्यातून ते तयार होतं आणि वाफेबरोबर निघून जातं. उकळी कमी वेळ दिली, भांड्यावर झाकण ठेवलं किंवा उकळीनंतर गार व्हायला फार वेळ लागला, की ते बिअरमध्येच राहतं. फिक्या लेगरमध्ये पुसटसं चालतं, इथे मात्र ते हॉप्सच्या पुढे येऊन उभं होतं.

क्र. ३ उत्तम. ताज्या पावाच्या कडेचा खमंगपणा, मग गवताळ हॉप्स, आणि कडवटपणा नेमका कुठे संपतो ते कळत होतं.

१८ जानेवारी

आज ताईने मला न सांगता एक गोष्ट केली. तिने एक बिअर दोनदा ठेवली: आधी क्रमांकाने, अर्ध्या तासाने लेबलासकट. ही माझी फार आवडती ब्रुअरी. मी बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या ५० गुणांच्या पत्रकावर गुण देतो, त्यात वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५ आणि एकूण परिणामाला १०. क्रमांकाने आली तेव्हा ३१ दिले. लेबल समोर असताना ३८.

“अरे, बाटली तीच आहे,” ताई म्हणाली.

दोन्ही पत्रकं शेजारी ठेवून बघितली. रूपाचे गुण सारखे. वासात दोन वाढले, चवीत तीन, शेवटच्या रकान्यात दोन. दुसऱ्या पत्रकावर मी ‘मधाळ’ लिहिलं होतं. पहिल्यावर त्या शब्दाचा मागमूस नव्हता. म्हणजे नाव दिसल्यावर नुसते गुणच वाढले असं नाही, चवसुद्धा वाढली. ओळखीची चव जिभेने आधीच तयार ठेवलेली होती.

यापुढे लेबल पाहून दिलेला एकही गुण वहीत धरणार नाही. या ब्रुअरीचे ३१ कायम.

२५ जानेवारी

प्रकाशाचा प्रयोग. हिरव्या बाटलीतली एक लेगर उघडून दोन ग्लास भरले. एक कपाटात बंद, दुसरा खिडकीत, उन्हाच्या पट्ट्यात. वीस मिनिटं.

दिसायला काही फरक नाही. तोच रंग, फेसाची तेवढीच पातळ कडा. कपाटातला ग्लास आधी हुंगला: गवत, थोडं मध, काही वावगं नाही. मग खिडकीतला उचलला आणि ओठांपर्यंत पोचायच्या आतच हात थांबला. इंग्रजीत या वासाला स्कंक नावाच्या प्राण्याचं नाव देतात. तो प्राणी मी कधी पाहिलेला नाही, हुंगण्याचा तर प्रश्नच नाही, म्हणून तो शब्द माझ्या कामाचा नाही. मला आलेला वास असा: तापलेल्या रबरावर लसूण ठेचावा तसा. दोन घोटांनी नाक सरावतं आणि तो कमी झाल्यासारखा वाटतो, म्हणून पहिल्या हुंग्यालाच लिहून टाकायचा.

हॉप्समधून येणारी कडू आम्लं प्रकाशाला नाजूक असतात. बिअरमधलं रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, प्रकाश शोषून घेतं, त्या ऊर्जेने आम्लाचा तुकडा पडतो आणि तो गंधकाशी जोडला जातो. तयार होणारा पदार्थ लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. तपकिरी काच या प्रकाशाचा बराचसा भाग अडवते, हिरवी आणि पांढरी फारसा अडवत नाही, कॅनमध्ये तर प्रश्नच येत नाही.

नोंदीत मी ‘ऊन लागलेली’ असं लिहिणार. माणसाला लागतं तसंच हेही.

१ फेब्रुवारी

आज चाखणं नाही. दिवसभर शब्द.

मॉर्टेन माइलगार्ड या रसायनशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बिअरच्या चवींचं चक्र मांडलं, म्हणजे ब्रुअरीतल्या सगळ्यांनी एका चवीला एकच शब्द वापरावा. ते चक्र माझ्या भिंतीवर आहे. पण त्याचं शब्दाला शब्द भाषांतर करून ठेवलं तेव्हा भाऊजींना त्यातलं निम्मं कळेना. मग उलट बाजूने सुरुवात केली: आपल्याकडे आधीच काय आहे?

भरपूर आहे. नुसत्या ‘ट’कारान्त शब्दांनीच पान भरलं. तुरट: माल्टच्या फोलपटांतून टॅनिन उतरलं की. करपट: काळ्या माल्टचा. खवट: जुन्या, नीट न ठेवलेल्या हॉप्सचा. कुबट: बिअर शिळी होऊ लागली की येणारा ओल्या पुठ्ठ्याचा. मातकट, धुरकट, तेलकट. कडू आणि कडवट यांतला फरक तर बिअरसाठीच केल्यासारखा आहे. कडू सरळ असतं. कडवट म्हणजे शेवटी मागे राहिलेलं, थोडं अंगावर येणारं.

वासाची तीव्रता सांगायला तीन शब्द ठरवले. दरवळ: ग्लास हातभर दूर असतानाच पोचतो आणि हवासा वाटतो. दर्प: पोचतो, पण नाक मागे घ्यावंसं वाटतं. भपकारा: एकदम अंगावर येऊन ओसरतो, जोरकस बिअरमधल्या अल्कोहोलचा असा येतो. हे तीन शब्द सापडल्यावर २ नंबरच्या पिल्सनरची नोंद एका ओळीत बदलली. ‘मक्याचा वास’च्या जागी ‘उकडलेल्या मक्याचा दर्प, तिसऱ्या घोटापर्यंत टिकतो’.

पोताचे शब्दही काढले: पातळ, दाट, गुळगुळीत, चरचरीत, पांचट. ‘संतुलित’ वहीतून काढून टाकला. ‘छान’सुद्धा.

८ फेब्रुवारी

पहिली परीक्षा. चार ग्लास, माझ्या चार नोंदी (या जानेवारीतल्या, शब्द बदलायच्या आधीच्या). भाऊजींनी शांतपणे वाचल्या, चाखलं, पुन्हा वाचल्या. एक बरोबर, तीन चूक. नुसते डोळे मिटून वाटले असते तरी सरासरी एक बरोबर आलाच असता, म्हणजे नोंदींचा उपयोग शून्य.

“तू कडू आहे म्हणतोस. चारही कडूच आहेत. किती वेळ कडू, ते सांग ना.”

बरोबर आहे त्यांचं. आजपासून घोट गिळल्यावर सेकंद मोजायचे. बाटलीवर छापलेल्या आयबीयूच्या आकड्याने हे काम होत नाही. तो आकडा साधारणपणे लिटरमागे किती मिलिग्रॅम कडू आम्ल आहे ते सांगतो. त्याच्यासमोर माल्टचा गोडवा किती उभा आहे, ते त्यात नाही. ४० चा काळा स्टाउट ३५ च्या पिल्सनरपेक्षा मवाळ लागू शकतो.

१५ फेब्रुवारी

क्र. ११, अंबर लेगर. लोण्याचा वास, जिभेवर तेलकट साय. डायअसेटिल. प्रश्न असा की हा ब्रुअरीच्या घाईचा की नंतरच्या जंतूंचा?

यीस्ट आंबवण्याच्या काळात एक पदार्थ बाहेर टाकतं, त्याचं बिअरमध्ये हळूहळू डायअसेटिल होतं, आणि वेळ दिला तर यीस्टच ते परत शोषून घेतं. म्हणून लेगर बनवणारे शेवटी तापमान थोडं वाढवून एक-दोन दिवस थांबतात. घाई केली की पूर्वपदार्थ तसाच बाटलीत जातो. त्याची परीक्षा ब्रुअऱ्यांमध्ये रोजची आहे, घरीही जमते. दोन भांड्यांत थोडीथोडी बिअर, वर झाकण. एक भांडं साधारण ६० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं, मग दोन्ही सारख्या तापमानाला आणून हुंगायची.

तापवलेल्यात लोणी दुपटीने. म्हणजे बिअरमध्ये पूर्वपदार्थ शिल्लक होता, टाकीला आणखी दोन दिवस मिळायला हवे होते. हे मी ब्रुअरीला पत्र लिहून कळवणार आहे, गुणांसकट. माल्टचा भाग इतका सुरेख जमलाय त्यांचा की हळहळ वाटते.

२२ फेब्रुवारी

आयपीए, म्हणजे हॉप्स पुढे असणारी इंडिया पेल एल. ज्या बिअरची लोक सगळ्यात जास्त तारीफ करतात आणि सगळ्यात जास्त शिळी पितात.

या चवीची आजची ओळख कॅस्केड हॉप्समुळे झाली. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या ऑरेगनमधल्या संशोधनातून ती जात १९७२ साली बाहेर आली. पपनसाच्या सालीसारखा तिचा वास आधी कित्येक ब्रुअरना नकोसा वाटला होता. १९८० साली सिएरा नेवाडा या ब्रुअरीने आपल्या पेल एलमध्ये तो पुढे आणला आणि छोट्या ब्रुअऱ्यांना स्वतःची भाषा मिळाली.

माझ्याकडे एकाच बिअरचे दोन कॅन होते: एक भरून तीन आठवडे झालेला, दुसरा पाच महिने, तोही फ्रीजबाहेर. फरक खरंच कळतो की तारीख वाचून कळल्यासारखा वाटतो? १८ जानेवारीनंतर माझा स्वतःवर एवढा विश्वास उरलेला नाही. म्हणून त्रिकोणी चाचणी: तीन ग्लास, दोन एकसारखे, एक वेगळा, वेगळा कोणता ते सांगायचं. प्रत्येकी ३० मिलि., काल तीन फेऱ्या, आज तीन. (काल उघडलेले कॅन आज वापरले नाहीत. दोन्हींची दुसरी जोडी होती.)

सहापैकी पाच बरोबर. नुसत्या अंदाजाने पाच किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ७२९ मध्ये १३, म्हणजे दोन टक्क्यांपेक्षा कमी. थोड्याशा नमुन्यांवरून किती खात्रीने बोलता येतं, हा प्रश्नही बिअरच्याच घरातून आला आहे. गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्याचं उत्तर प्रसिद्ध केलं, आणि आज संख्याशास्त्राच्या प्रत्येक वर्गात ते शिकवतात.

ताज्या कॅनची नोंद: सालीचा दरवळ झाकण उघडताच, मग पिकलेला आंबा, कडू १२ सेकंद, शेवट स्वच्छ. जुन्याची: दरवळ नाही, ग्लासात नाक घातलं तर मुरंब्यासारखं काहीतरी, मागे कुबटपणा, कडवट २५ सेकंद आणि खरखरीत. एकच नाव, दोन बिअर. नोंदीच्या माथ्यावर भरल्याची तारीख लिहिल्याशिवाय आयपीएबद्दल एक अक्षर लिहू नये.

१ मार्च

स्टाउट. क्र. १७ ते १९. डॅनियल व्हीलरने १८१७ साली माल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून माल्ट जळू न देता काळा करता येऊ लागला. मूठभर काळ्या माल्टने सगळ्या घाण्याला रंग येतो, बाकीचा फिका माल्ट गोडवा देतो.

तिन्ही फ्रीजमधून काढल्या काढल्या सारख्याच लागल्या, काळ्या आणि कडू. १२ अंशांवर आल्यावर उलगडल्या. कॉफी, मनुका, एकीत चॉकलेटची पूड. नोंद दोनदा घेतली, ५ अंशांवर आणि १२ वर.

८ मार्च

क्र. २१ ने वहीची रचना बदलायला लावली.

मी लिहिलं: तबेला, ओलं चामडं, मागे लिंबाची साल, अगदी कोरडा शेवट. गुण २२. शेरा: जंगली यीस्ट शिरलेलं दिसतं, दोष. ताईने यादी उघडली. ब्रुअरीने ब्रेटानोमायसिस मुद्दाम घातलं होतं, बाटलीवर तसं छापलंही होतं.

या यीस्टला हे नाव कार्ल्सबर्ग ब्रुअरीतल्या एन. यिल्ते क्लॉसेनने १९०४ साली दिलं, कारण ते त्याला पिंपात मुरवलेल्या इंग्लिश बिअरमध्ये सापडलं. त्या बिअरची खास चव याच यीस्टमुळे येते, असं त्याने दाखवलं. ब्रसेल्सजवळच्या लाम्बिक नावाच्या आंबट बिअरमध्येही ते असतं आणि तिथे ते नसेल तर लोक नाराज होतील. हाच वास ११ जानेवारीच्या पिल्सनरमध्ये आला असता तर ती बिअर ओतून द्यावी लागली असती.

मग माझं लिहिलेलं चूक का? तबेला होता, चामडं होतं, कोरडा शेवट होता. त्यातलं एक अक्षरही बदलायची गरज नाही. चूक होता तो शेवटचा शब्द. म्हणून आजपासून पान उभं दुभागलं आहे: डावीकडे नोंद, उजवीकडे निवाडा. नोंद क्रमांक बघून, लगेच. निवाडा यादी उघडल्यावर, ब्रुअरला काय करायचं होतं ते वाचून. ३८ गुणांच्या वेळी हे दोन एकमेकांत मिसळले होते, म्हणून ‘मधाळ’ आलं. गुण आणि शेरा दोन्ही आता उजवीकडे. आजचा निवाडा: हेतू साधलाय, शेवट थोडा जास्त तुरट. ३६.

१५ मार्च

दुसरी परीक्षा. पाच ग्लास, पाच नोंदी: पिल्सनर क्र. ३, ताजी आयपीए, क्र. २१, आणि दोन स्टाउट, १७ आणि १९.

भाऊजींनी पिल्सनर लगेच ओळखली, क्र. २१ नुसती हुंगून. आयपीएसाठी घड्याळ लावून सेकंद मोजले, अकरा आले, आणि चिठ्ठी ग्लासापाशी ठेवली. स्टाउटपाशी मात्र पंधरा मिनिटं अडले आणि दोन्ही उलटसुलट लावल्या. पाचपैकी तीन.

दोन्ही नोंदींत मी ‘करपट, दाट, कॉफी’ लिहिलं होतं. ग्लास समोर ठेवून दोघांनी पुन्हा चाखलं. बराच वेळ भाऊजी काही बोलले नाहीत, मग १९ कडे बोट दाखवून म्हणाले, “हिच्यात कोळसा नाही, राख आहे. घोट गेल्यावर जीभ कोरडी पडते.” मी पुन्हा घोट घेतला. तसंच होतं. १७ मध्ये करपटपणा ओला होता, मागून गोडवा येऊन त्याला झाकत होता. ‘करपट’ या एका शब्दाखाली मी दोन गोष्टी ठेवल्या होत्या.

क्र. १९, नवी नोंद: फेस गडद पिंगट, चार मिनिटं टिकतो, काचेवर जाळी सोडतो. ५ अंशांवर फक्त कडू. १२ अंशांवर गार झालेल्या काळ्या कॉफीचा वास, भपकारा नाही. पहिला घोट दाट, मधोमध पातळ होतो. करपट, पण राखेकडे झुकणारं. गिळल्यावर जिभेच्या दोन्ही कडा कोरड्या. कडू १८ सेकंद. गोडवा परत येत नाही.

ही वाचून भाऊजींनी ताईला ग्लास पुन्हा लावायला सांगितले. दोन्ही स्टाउट जागच्या जागी गेल्या.

उरलेल्या नऊ नोंदी याच पद्धतीने पुन्हा लिहायच्या आहेत. त्यांतल्या चार बिअर संपल्यात. त्या पुन्हा हातात येईपर्यंत ती पानं आठवणीवरून भरायची नाहीत.